परतीचा गूळ

शकू गेली त्याला आता पाच आठवडे होतील. सकाळी मी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला. पलीकडून रंजना, शकूच्या धाकट्या भावाची मुलगी, लासुर्ण्याला शकू जिच्याकडे राहायची ती, नेहमीसारखं "वत्सलामावशी, चहा झाला का?" असं न विचारता नुसती गप्प राहिली. मला कळलं. म्हणजे कळलं असं आता वाटतं, तेव्हा मी तिलाच म्हणाले, "अगं, शकूला दे फोन." रंजना म्हणाली, "आत्या पहाटं गेली, मावशी. झोपेतच..." मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून टाकली. मला राग आला होता. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, आणि आधी मी जायचं असं आमचं ठरलेलं होतं, कारण मला एकटीनं राहायची सवय नाही. शकूनं दिलेला शब्द मोडल्याचं मला तरी हे एकच उदाहरण आठवतं.

इंदापुरात तिनं आयुष्यभर गणित शिकवलं. त्यामुळे नंतरच्या दिवसांत तिच्या विद्यार्थ्यांनी बरंच काही लिहिलं, सांगितलं. शिस्तप्रिय, त्यागमूर्ती, वगैरे. शिस्तप्रिय होती हे खरं आहे, पण त्यागमूर्ती हा शब्द ऐकून ती फिसकन हसली असती. चांगलं खायला तिला आवडायचं, भांडायला आवडायचं आणि पत्त्यांत ती लबाडी करायची. मला जी शकू माहीत आहे ती लासुर्ण्याच्या आबांची थोरली पोर. तिची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण त्या गोष्टीत मी फारशी चांगली दिसत नाही. आता सांगायला हरकत नाही, असं मला गेल्या मंगळवारपासून वाटू लागलं आहे.

माझे वडील बारामती स्टेशनवर तिकीटबाबू होते. दौंडला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर आमच्या घरातलं सगळं चालायचं, अगदी आईचं वरणभाताचं आधणही. स्टेशनच्या क्वार्टर्समागच्या गल्लीत शकूचा मामा राहायचा, मंडईत त्याचा भाजीचा गाळा होता. लासुर्ण्यात चौथीपुढची शाळा नव्हती, म्हणून आबांनी पोरीला मामाकडे ठेवलं. पोरीला शिकवायला परगावी ठेवलेला बाप तेव्हा त्या भागात विरळाच. आमच्या वर्गात मुली चार, त्यांतल्या दोघी पुढे लग्न होऊन गेल्या आणि आम्ही दोघी उरलो. मी नीटनेटकी, दोन वेण्या, इस्त्रीचं परकर-पोलकं. शकू पहाटे मामाबरोबर मंडईत जुड्या बांधून शाळेत यायची, तिच्या बोटांना कोथिंबिरीचा वास असायचा. मी तिच्याशेजारी बसायचे ते आधी गणितं बघून लिहिता यावीत म्हणून. मैत्री नंतर झाली. ती मात्र पहिल्या दिवसापासून मला "वत्से" म्हणायची, विचारलं वगैरे काही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मॅट्रिकचा निकाल लागला, त्यात मी बऱ्यापैकी पास झाले आणि शकू पहिल्या वर्गात आली. अख्ख्या शाळेत पहिला वर्ग तिचा एकटीचा. हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की पुण्याच्या एका कॉलेजनं त्या वर्षापासून नवीन पद्धत सुरू केली आहे. खेड्यापाड्यांतून पहिल्या वर्गात आलेल्या मुलामुलींना फी नाही. वर्षाच्या वर्षाला तसेच मार्क ठेवले तर पदवीपर्यंत एक पैसा भरायचा नाही. अर्ज करायचा, वडिलांची सही आणायची, बस्स. मला माझे वडील फी भरूनच पाठवणार होते. म्हणजे आम्ही दोघी एकत्र पुण्याला जाणार. मी तर घरी जाईपर्यंत कोणत्या रंगाची वळकटी घ्यायची इथपर्यंत येऊन पोचले होते.

शकू हे आबांना सांगायला लासुर्ण्याला गेली. निकाल घेऊन गेली आणि परत आलीच नाही. चार दिवस झाले, सहा झाले. मुदत संपत आलेली. शेवटी हेडमास्तरांनी तो अर्ज माझ्या हाती दिला, आईनं पितळेच्या कडीच्या डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले, आणि मी शकूच्या मामाबरोबर एसटीनं लासुर्ण्याला गेले. कालव्याच्या पाण्यावर आबांचा ऊस आणि थोडी वांगी-गवार होती. घरात गेले तर शकू सुपात ज्वारी पाखडत बसलेली. माझ्याकडे तिनं बघितलं आणि मान खाली घातली. तिला एक स्थळ सांगून आलं होतं. शिक्षण थांबलंच आहे, तर कार्तिकानंतर उरकून टाकू, असं घरात बोलणं चाललं होतं.

आबा म्हणजे उंच, सावळे, बोलायला कमी. मी अर्ज पुढे केला तसे ते म्हणाले, "नादारीचा दाखला काढाया मी कचेरीत जायाचा न्हाय, पोरी."

"आबा, गरिबीचा दाखला नाही लागत. हे मार्कांवर आहे. नादारी वेगळी, हे वेगळं."

"मार्कं हिची हायती, ते मान्य. पर मास्तर कुणाचा? बाक कुणाचं? दिवाबत्ती कुणाची?" ते म्हणाले. "फुकटात बसायचं म्हंजे लोकाच्या पंगतीला न बोलावता जाऊन बसल्यावानी झालं. ऱ्हायाचा-जेवायचा खर्च मी कसा बी करीन. फी बी भरली आसती. तेवढी आयपत न्हाय, तर न्हाय. पर फुकट न्हाय घ्यायचं."

मामा टोपी काढून डोकं खाजवत बसला. इतक्यात शकूच्या आईनं आतून आमचा डबा आणला. लाडू काढून, डबा धुऊन, त्यात तिनं घरच्या गुऱ्हाळातला गूळ फोडून भरला होता. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. शेजारून डबा आला तर तो परत जाताना रिकामा जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामा नाही. त्या देण्याला आमच्याकडे परतीचं म्हणतात. शकूनं सूप खाली ठेवलं.

"आई, डबा रिकामाच दे की."

"खुळी हाईस का? रिकामा डबा कुणी देतं व्हय?"

"मग लाडू घेतलंस कशाला? फुकटच आलं हुतं."

आबांनी तिच्याकडे बघितलं. ती उठून उभी राहिली. "वत्सीच्या आईनं लाडू धाडलं, आपुन घेतलं, आबा. आपल्याला कुणी नादार म्हणालं न्हाय. परतीचं दिलं की मिटलं. कालीजाचं बी तसंच समजा. त्यांनी डबा धाडलाय."

आबांनी तळहातावर तंबाखू मळली, दाढेखाली धरली, बाहेर जाऊन बैलांना पेंढी टाकून आले. मग दारातूनच म्हणाले, "परतीचं मी धाडीन. पर त्यांनी घेतलं पायजे. ज्या दिशी घेणार न्हाईत, त्या दिशी तू माघारी. कबूल?" शकू म्हणाली, "कबूल." आणि आबांनी अर्जावर वळणदार मोडीत सही केली. त्यांना बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिता येत नसे.

पुण्यात मुलींच्या वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली. निघताना आईनं तोच पितळेचा डबा चिवड्यानं भरून "दोघींत एक" म्हणून दिला होता, तो शकूच्या ट्रंकेत राहिला. मी मात्र ट्रंकेतून वेगळीच बाहेर आले. पुण्याच्या मुली कशा बोलतात, कशा हसतात, पदर कसा घेतात, हे मी पंधरा दिवसांत उचललं आणि बारामती नावाचं गाव असल्याचं विसरायला लागले. शकू होती तशीच. "हितं पाणी लई बेस हाय," असं ती भर जेवणघरात म्हणायची आणि मी ताटात बघायचे. पहिल्या सहामाहीत ती गणितात वर्गात पहिली आली. मी नापास झाले. तो पेपर मी गादीखाली घातला आणि विचारलं तर "जेमतेम" असं सांगायचं ठरवलं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली आणि आबांचं परतीचं आलं. कुणा ओळखीच्या माणसाबरोबर दौंडवरून गाडीनं, बारदानात शिवलेली गुळाची भली मोठी ढेप, कॉलेजच्या ऑफिसात, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या नावानं. ऑफिसात असल्या वस्तूचं काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी ती वसतिगृहाच्या कोठीत पाठवून दिली. झालं. दुसऱ्या दिवसापासून मुलींना खेळ मिळाला. शकू आली की कुणीतरी म्हणे, "फीची ढेप आली गं." शकू हसायची आणि म्हणायची, "खाऊन तर बघा, दात गोड व्हत्याल." काही जणींनी खाल्लाही. मी हात लावला नाही. एका मुलीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही एकाच गावच्या ना?" मी म्हणाले, "छे, मी बारामतीची. ती तिकडची, खेड्यातली."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्याच आठवड्यात मी रेक्टरबाईंच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि सांगितलं की त्या ढेपेमुळे कोठीत मुंग्या झाल्या आहेत आणि मला मुंग्यांची फार भीती वाटते, रात्र रात्र झोप लागत नाही. मुंग्यांची भीती मला कधीच वाटली नव्हती. स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये आमच्या साखरेच्या डब्यात साखरेपेक्षा मुंग्याच जास्त असत. मला फक्त ती ढेप डोळ्यांसमोरून जायला हवी होती. रेक्टरबाई सज्जन होत्या. त्यांनी उरलेला गूळ गवळ्याला देऊन टाकला आणि लासुर्ण्याला अतिशय सभ्य भाषेत पत्र लिहिलं, की आपली भावना समजली, परंतु अशा वस्तू स्वीकारण्याची इथे सोय नाही, तरी कृपया पुन्हा पाठवू नये.

आबांची अट मला ठाऊक होती. मी तिथे उभी होते, माझ्यासमोर ती घातली गेली होती. खरं सांगते, बाईंच्या खोलीत जाताना मला ती आठवली नाही. आठवली ती नंतर, जिना उतरताना... आणि मी मागे फिरले नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी, भेटीच्या वेळेला, आबा आले. धुतलेला पटका, कोरं धोतर, हातात ते पत्र. व्हरांड्यातल्या बाकावर न बसता उभेच राहिले. शकू खाली आली तसे म्हणाले, "ट्रंक भर." एवढंच. रेक्टरबाई धावत आल्या, त्यांनी परोपरीनं सांगितलं की ही फी हुशारीसाठी माफ आहे, यात उपकार कुणाचे नाहीत. आबा ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी चांगल्या हायसा. पर तुमी परतीचं घेत न्हाई. मग आमी बी घ्यायचं न्हाय. पोरीनं कबूल केलंया." वरच्या कठड्याला मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी खालीच होते, खांबाशी. मला वाटत होतं की आता जमीन दुभंगली तर बरं.

शकू आबांकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, नजर न काढता.

"आबा, गूळ घेत न्हाईत, पर परतीचं मी देती हाय," ती म्हणाली.

"तू काय देतीस?"

"वत्सीला गणित शिकवती. रोज सांजचं. ती नापास झालीया."

वर कठड्यावर कुणीतरी हसलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती मला एक अक्षरही शिकवत नव्हती. नापास झाल्याचं तिला कळलंय हेही मला माहीत नव्हतं. गादी उलटी घालताना तिला तो पेपर सापडला असणार. आबा माझ्याकडे वळले.

"व्हय का गं वत्सले? शिकवती ही तुला?"

नाही म्हणाले असते तर माझी अब्रू राहिली असती आणि ती संध्याकाळच्या गाडीनं लासुर्ण्याला गेली असती. मी कठड्याकडे बघितलं नाही. "हो, आबा," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज. मला काहीच येत नाही, आबा. ती शिकवते म्हणून कळतं."

आबांनी रेक्टरबाईंना विचारलं, "हे चालतंय का बाई तुमच्यात? परतीचं म्हणून?" रेक्टरबाईंनी आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. सगळं ओळखलं असावं त्यांनी. म्हणाल्या, "चालतं. गुळापेक्षा चांगलं चालतं." तेव्हा कुठे आबा बाकावर बसले आणि पाणी मागितलं. ते प्याले, शकूच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. फाटकाशी थांबून मला म्हणाले, "नीट शिक गं. तुझ्यावर हिचं शिक्षान हाय."

ते रस्त्याच्या वळणाला जातात न जातात तोच शकूनं माझं मनगट धरलं आणि वर खोलीत आणलं. उन्हं अजून खिडकीत होती. तिनं गादीखालून माझा पेपर काढला, समोर ठेवला आणि पेन्सिलीला टोक करत म्हणाली, "आबापुढं खोटं बोललोय आपुन. दिवस मावळायच्या आत खरं करू. काढ वही." मी रडायला लागले. तिनं पेन्सिल माझ्या हातात खुपसली. "रडायचं ते मागनं. आदी पैलं गणित."

तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत एक संध्याकाळ चुकली नाही. ताप आला तर पडल्या पडल्या तोंडानं सांगायची. महिन्याभरात ज्या मुलीनं "फीची ढेप" हे नाव काढलं होतं तीही वही घेऊन येऊन बसली, मग आणखी दोघी. मी पास झाले. शकूची फी चारही वर्षं माफ राहिली, आणि आबांनी पुन्हा कधी काही पाठवलं नाही. सुट्टीत भेटले की मलाच विचारायचे, "चाललंय न्हवं परतीचं?" मी सांगायचे, "चाललंय, आबा." मुंग्यांचं मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. कितीदा ठरवलं. तिच्या पहिल्या पगाराला आम्ही बारामतीत भेळ खाल्ली तेव्हा, आबा गेले तेव्हा, माझ्या मुलाच्या लग्नात... दरवेळी ती असं काहीतरी बोलून हसवायची की ते राहून जायचं. म्हणजे मी राहू द्यायचे.

तिनं लग्न केलं नाही. का, ते तिनं मलाही सांगितलं नाही, आणि मी चोंबडी असूनही खोदून विचारलं नाही. दरवर्षी निकाल लागला की ती आसपासच्या गावांत फिरून चांगल्या मार्कांची पोरं हुडकायची, त्यांचे फीमाफीचे अर्ज स्वतः बसून भरायची. कुणाचा बाप "फुकट नको" म्हणून अडून बसला की खूश व्हायची, म्हणायची, हा माणूस कामाचा आहे. त्या पोराला अट एकच: तुझ्यामागच्या एकाला तरी शिकवायचं. आणि आईचा तो पितळेचा डबा शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिला. मी मागितला की म्हणायची, "रिकामा कसा दिऊ? जरा दम धर. भरून देती." आमची ही थट्टा इतकी जुनी झाली होती की मी डब्याची आशाच सोडली होती.

गेल्या मंगळवारी रंजना गुडघा दाखवायला बारामतीच्या दवाखान्यात आली होती, तिथून माझ्याकडे आली. चहा झाला. जाताना तिनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. तोच, कडीचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. "आत्यानं जायच्या आदी महिनाभर भरून ठिवाय लावला हुता," ती म्हणाली. "मी नेते म्हणली, तर न्हाई म्हणाली, मी गेल्यावर ने. आन झाकण लई घट्ट लाव म्हणाली. वत्सीला मुंग्यांचं भ्या वाटतं." रंजना हसली. "मावशी, तुमी एवढ्या मोठ्या, मुंग्यांना भेता?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. रंजना गेल्यावर मी दार लावलं आणि त्या डब्यासमोर बसले. बंद दाराआड रेक्टरबाईंना सांगितलेली ती गोष्ट मी जन्मात दुसऱ्या कुणाजवळ बोललेली नव्हते. बाईंनी तिला सांगितलं असणार, पत्र गेलं त्याच आठवड्यात. गूळ का नको, हे विचारल्याशिवाय शकू राहिली नसती. म्हणजे त्या रविवारी व्हरांड्यात तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा तिला माहीत होतं. माहीत असून तिनं माझं नाव घेतलं, मला वर खोलीत नेलं, पेन्सिलीला टोक केलं. आणि नंतर इतकी वर्षं मला वाटत राहिलं की लपवते आहे ती मी.

झाकण खरंच घट्ट होतं. उलथन्यानं उचकटावं लागलं. आत गूळ होता, लासुर्ण्याचा, फोडून नीट रचून भरलेला. तेव्हा वसतिगृहात मी त्याला हात लावला नव्हता. एक खडा तोंडात टाकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

रोज थोडा थोडा खाते आहे. डॉक्टर नको म्हणतात. दोन-चार दिवसांत डबा रिकामा होईल, मग तो रंजनाकडे लासुर्ण्याला परत द्यायचा आहे. काय भरून द्यायचं, ते अजून सुचत नाही.